खाडीमुखावरची वाळू आणि पंचांग: कोपर्निकस ब्राउझर या मोफत उपग्रहचित्र-सेवेचे परीक्षण

सोलापूरपासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास दूर आहे. आपल्याकडच्या भूगोलाच्या वर्गात सागरी भूरूपांचा पाठ आला की पुळण, वाळूचा दांडा, खाजण हे शब्द फळ्यावर लिहिले जातात, पुस्तकातली आकृती वहीत उतरते आणि पाठ संपतो. खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीच्या प्रवाहांनी घडवलेली वाळू त्या आकृतीत मावतही नाही, कारण ती दिवसातून दोनदा झाकली जाते, दोनदा उघडी पडते आणि पावसाळ्यानंतर कित्येकदा जागाही बदलते. अशा हलत्या भूरूपाचा अभ्यास समुद्रापासून इतक्या दूर बसून करायचा असेल तर आज उपलब्ध असलेल्या साधनांमध्ये कोपर्निकस ब्राउझर ही युरोपीय संघ आणि युरोपीय अवकाश संस्था यांची मोफत सेवा मी सर्वांत वर ठेवतो. मात्र चित्र उघडण्याआधी त्या दिवसाची तिथी पाहिली नाही, तर हीच सेवा अभ्यासकाला सहज चुकीच्या निष्कर्षाकडे नेऊ शकते. या परीक्षणाचा मोठा भाग मी त्या एका गोष्टीसाठी दिला आहे, कारण कोकणच्या खाड्या पाहणाऱ्यांसाठी याहून महत्त्वाची दुसरी सूचना मला दिसत नाही.

सेवेची ओळख थोडक्यात करून देतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर नकाशा उघडतो, हवी ती जागा शोधायची, दिनांक आणि ढगांचे कमाल प्रमाण ठरवायचे आणि त्या जागेची उपलब्ध चित्रे एकामागून एक पाहायची. खाडीमुखाच्या अभ्यासासाठी त्यातल्या दोन उपग्रहमाला उपयोगाच्या आहेत. पहिली सेंटिनेल-२ ही सूर्यप्रकाशावर चालणारी माला आहे. तिचा पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये, दुसरा मार्च २०१७ मध्ये आणि तिसरा सप्टेंबर २०२४ मध्ये सोडण्यात आला. ७८६ किलोमीटर उंचीवरून २९० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपत जाणाऱ्या या उपग्रहांचे दृश्य प्रकाशातले चित्र जमिनीवरच्या दहा मीटर लांब-रुंद चौकटींचे बनलेले असते आणि दोन उपग्रह मिळून एकाच जागेवर दर पाच दिवसांनी परततात. दुसरी सेंटिनेल-१ ही रडारची माला आहे, तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहितो. कशालाही पैसे पडत नाहीत. चित्रे उतरवून घेण्यासाठी खाते काढावे लागते आणि तेही मोफत आहे. अंतर व क्षेत्रफळ मोजण्याची सोय, दोन दिनांकांची चित्रे एकमेकांवर ठेवून पडद्यासारखी सरकवण्याची सोय आणि निवडलेल्या दिनांकांची चलचित्रमालिका करण्याची सोय, या तीनही गोष्टी शाळा-महाविद्यालयातल्या कामाला पुरेशा आहेत. संपूर्ण मांडणीत मराठी कोठेही नाही, तेव्हा इंग्रजी नावे वर्गात आधी समजावून द्यावी लागतात.

आता मूळ विषयाकडे वळतो. खाडीच्या अरुंद तोंडातून भरतीचे पाणी आत शिरते आणि ओहोटीला बाहेर पडते, एवढे सर्वांना माहीत असते. पण आत येणारे आणि बाहेर जाणारे पाणी एकाच वाटेने जात नाही, आणि वाळूची सारी रचना त्यातूनच उभी राहते. ओहोटीचे पाणी तोंडातून धारेसारखे सरळ समुद्रात घुसते, पुढे पसरते, मंदावते आणि अंगावरची वाळू तिथेच टाकते. त्यामुळे तोंडासमोर समुद्राच्या बाजूला वाळूचा एक कमानीसारखा उंचवटा तयार होतो. भरतीचे पाणी मात्र सगळ्या बाजूंनी तोंडाकडे ओढले जाते आणि ओहोटीची मधली धार अजून बाहेर वाहत असतानाच ते दोन्ही किनाऱ्यांलगतच्या उथळ वाटांनी आत येऊ लागते. मधली खोल वाट ओहोटीची, कडेच्या उथळ वाटा भरतीच्या आणि या वाटांच्या मध्ये लांबट वाळूचे दांडे, अशी ही मांडणी असते. तोंडाच्या आतल्या बाजूला भरती आपली वाळू पंख्यासारखी पसरवते. त्या पंख्याची आतली कड थोडी उंच होते, ओहोटीचा प्रवाह तिला वळसा घालून जातो आणि पंखा टिकून राहतो. अमेरिकी भूवैज्ञानिक मायल्स हेस यांनी १९७० च्या दशकात या रचनेच्या भागांना जी नावे दिली, तीच आज जगभर वापरली जातात.

यात एक बारकावा आहे आणि तो उपग्रहचित्र वाचताना फार उपयोगी पडतो. ओहोटीचा वेग बहुधा पाणी बरेच उतरल्यावर सर्वाधिक होतो, तेव्हा दांडे उघडे पडू लागलेले असतात आणि पाणी खोल वाटांमध्ये कोंडलेले असते. भरतीचा वेग मात्र पाणी बरेच चढल्यावर सर्वाधिक होतो, तेव्हा दांडे पाण्याखाली गेलेले असतात आणि प्रवाह त्यांच्या अंगावरून वाहतो. म्हणून वाटांच्या तळावर ओहोटीचा आणि दांड्यांच्या माथ्यावर भरतीचा ठसा उमटतो. शिवाय वाळू वाहून नेण्याची प्रवाहाची ताकद वेगाच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून किती तरी झपाट्याने वाढते, त्यामुळे थोडा वेळ जोरात वाहणारे पाणी जास्त वेळ संथ वाहणाऱ्या पाण्यापेक्षा अधिक वाळू हलवते. एकाच दांड्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या दिशांच्या प्रवाहांनी घडलेल्या का दिसतात, याचे उत्तर इथे आहे. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना हे समजावण्यासाठी पंढरपूरजवळच्या भीमेतली वाळू याच सेवेवर शेजारी उघडून दाखवावी. उजनी धरणातून किती पाणी सोडले यावर भीमेची पातळी कमी-जास्त होते, पण प्रवाहाची दिशा कधी उलटत नाही, त्यामुळे तिथल्या वाळूच्या पट्ट्यांची शेपटी नेहमी प्रवाहाच्या दिशेलाच लांबलेली असते. खाडीमुखातल्या दांड्यांना अशी एकच शेपटी नसते, आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की हा फरक न सांगताही लक्षात येतो.

पाहण्यासाठी पहिली जागा म्हणून मी मालवणच्या दक्षिणेकडचे कर्ली खाडीचे मुख सुचवेन. देवबाग हे गाव ज्या अरुंद वाळूच्या पट्टीवर वसलेले आहे, तिच्या पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला कर्ली नदी आहे. पट्टी दक्षिणेकडे निमुळती होत जाते आणि तिच्या टोकाशी, भोगवे गावाच्या समोर, नदी समुद्राला मिळते. दहा मीटरच्या चौकटींमध्येही पट्टीचे टोक, मुखाच्या आतली वाळू आणि समुद्राच्या बाजूला फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ स्पष्ट दिसते. ही पांढरी रेघ काळजीपूर्वक पाहावी. कोकणचे पाणी गढूळ असल्याने पाण्याखालचा उंचवटा बहुधा थेट दिसत नाही, पण लाट उथळ पाण्यावर आली की फुटते, त्यामुळे किनाऱ्यापासून दूर, मुखासमोर कमानीसारखी उमटलेली फेसाची रेघ म्हणजे ओहोटीने बाहेर टाकलेल्या वाळूची बाहेरची कडच होय. मुखाच्या आतली जी वाळू पर्यटकांना त्सुनामी आयलंड या नावाने दाखवली जाते, ती २००४ च्या त्सुनामीनंतर वर आली असे सांगितले जाते. सेंटिनेल-२ ची चित्रे २०१५ पासूनची असल्याने त्या सांगण्याचा निवाडा या सेवेवर होऊ शकत नाही. मात्र भरतीचे पाणी अरुंद तोंडातून आत येऊन जिथे मंदावते नेमक्या तिथे वाळू साचणे हा खाडीमुखाचा नित्याचा व्यवहार आहे आणि त्याला त्सुनामीची गरज नसते, एवढे मला ठामपणे म्हणता येते.

चित्र कोणत्या रंगसंगतीत पाहावे हा प्रश्न लगेच पुढे येतो. नैसर्गिक रंगांच्या चित्रात ओली वाळू आणि गढूळ उथळ पाणी यांच्यातली सीमा पुसट होते. पाणी जवळचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, प्रकाश शोषून घेते आणि वाळू तो परतवते, म्हणून अवरक्त पट्टा वापरणाऱ्या रंगसंगतीत पाणी काळसर व उघडी वाळू उजळ दिसते. हिरवा आणि अवरक्त पट्टा यांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून मिळणारा, मॅकफीटर्स यांनी १९९६ मध्ये सुचवलेला पाण्याचा निर्देशांक ही सेवा एका कळीवर काढून देते. याउलट बहामा बेटांजवळच्या स्वच्छ, उबदार आणि उथळ पाण्यात नैसर्गिक रंगांचेच चित्र पाहावे. तिथे भरतीच्या प्रवाहांनी चुनखडीच्या बारीक गोल कणांचे जे समांतर दांडे आणि पंखे रचले आहेत, ते कित्येक मीटर पाण्याखाली असूनही निळ्या रंगाच्या छटांमध्ये उमटतात. खाडीमुखाचे शास्त्र शिकवताना मी आधी बहामा आणि मग कर्ली हा क्रम योग्य मानतो, कारण बहामातले चित्र रचना पूर्णपणे उघडी करून दाखवते आणि कोकणातल्या चित्रात तीच रचना फेसाच्या रेघेवरून आणि उघड्या वाळूच्या तुकड्यांवरून ओळखावी लागते.

आता पंचांगाचा मुद्दा. सेंटिनेल-२ सूर्याशी जुळलेल्या कक्षेत फिरतो, म्हणजे कोणत्याही ठिकाणावर तो दर वेळी जवळजवळ एकाच स्थानिक वेळेला येतो. कोकण किनाऱ्यावर ही वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे सकाळी अकरा-सव्वाअकराच्या सुमाराची असते. सेवेत दिसणारी वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावेत. दुसऱ्या बाजूला, कोकणात अमावास्येला आणि पौर्णिमेला पूर्ण भरती बाराच्या आसपास येते आणि तिथून पुढे ती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येत जाते. म्हणूनच तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते हा हिशेब किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यापासून सव्वासहा तासांच्या अंतरावर पूर्ण ओहोटी. हे दोन हिशेब एकत्र मांडले की जे निघते ते फार महत्त्वाचे आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या जवळ उपग्रह वर येतो तेव्हा खाली उधाणाची, म्हणजे पंधरवड्यातली सर्वांत मोठी, भरती जवळजवळ पूर्ण झालेली असते आणि दांडे पाण्याखाली असतात. षष्ठीपासून अष्टमीपर्यंतच्या दिवसांत तो येतो तेव्हा खाली ओहोटी असते, पण ती भांगाची ओहोटी असते, म्हणजे पाणी उतरते तेही बेताचेच. उधाणाची खरी खोल ओहोटी कोकणात सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते, आणि त्या वेळी हा उपग्रह तिथे कधीच नसतो.

याचा अर्थ असा, की जी वाळू फक्त उधाणाच्या ओहोटीला उघडी पडते ती सेंटिनेल-२ च्या कोकणातल्या चित्रांमध्ये उघडी दिसणारच नाही, मग दहा वर्षांची सगळी चित्रे चाळली तरी. ढग नसणे, चित्र स्वच्छ असणे, दिनांक अलीकडचा असणे यांपैकी कशानेही ही उणीव भरून निघत नाही, कारण ती कक्षेच्या आणि चंद्राच्या घड्याळांच्या जुळणीतून आलेली आहे. खाडीमुखातल्या वाळूचे क्षेत्रफळ या चित्रांवरून मोजून कोणी आकडा सांगितला, तर तो भांगाच्या ओहोटीला उघड्या राहिलेल्या वाळूचा आकडा आहे हे त्याच्यासोबत लिहिलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट थोडी अधिक सूक्ष्म आहे. दोन उपग्रहांच्या पाच दिवसांच्या फेरीत दर तिसरे चित्र पंधरा दिवसांनी येते, आणि अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतचा काळ सरासरी पावणेपंधरा दिवसांचा असतो. म्हणजे पहिले, चौथे, सातवे अशी चित्रे जवळजवळ एकाच तिथीच्या आसपास पडत राहतात आणि ती तिथी दर पंधरवड्याला पाव दिवसाने पुढे सरकते. एका हंगामात त्यामुळे एखाद्या खाडीची चित्रे तीन गटांत विभागली जातात: एका गटात समजा पाणी कायम चढलेले, दुसऱ्यात मध्यम, तिसऱ्यात उतरलेले. आठ महिन्यांनी हे गट सुमारे चार तिथींनी पुढे गेलेले असतात. कोणी मार्चमधले एक आणि नोव्हेंबरमधले एक स्वच्छ चित्र घेऊन ते शेजारी ठेवले आणि दांडा निम्मा झाला असा निष्कर्ष काढला, तर त्यात वाळू किती हलली आणि पाणी किती चढले हे वेगळे करता येत नाही. पावसाळ्याआधीची आणि नंतरची तुलना करायची असेल तर दोन्ही चित्रांची तिथी एकमेकींपासून एका दिवसाहून अधिक दूर नसावी, हा नियम मी पाळतो. सोलापुरात यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. इथूनच निघणारे दाते पंचांग बहुतेक घरांत भिंतीवर किंवा देवघराजवळ असते, आणि उपग्रहचित्राचा दिनांक काढून त्याची तिथी पाहणे हे अकरावीतल्या मुलालाही मिनिटाभराचे काम आहे.

पाऊणपटीचा हिशेब हा अंदाज आहे, हेही इथे नोंदवले पाहिजे. किनाऱ्याच्या उत्तर आणि दक्षिण टोकांच्या वेळांत फरक असतो, दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, खाडीत आत जावे तसतशी भरती उशिरा पोचते आणि पावसाळ्यात वाऱ्याने व नदीच्या पुराने पातळी आणखी बदलते. काटेकोर काम करायचे असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके घ्यावीत. भरतीच्या पाण्याची उंचीही सगळीकडे सारखी नसते: भावनगरकडे खंभातच्या आखातात उधाणाला दहा मीटरच्या आसपास, मुंबईला चार मीटरच्या आसपास, आणि मालवणकडे त्याच्याही निम्म्याजवळ. त्यामुळे एकाच तिथीचा परिणाम रेवदंड्याला आणि देवबागला सारखा दिसत नाही. रेवदंड्याकडे कुंडलिकेच्या मुखाशी पाणी उतरल्यावर चिखल-वाळूची रुंद पट्टी उघडी पडते, तर देवबागला लाटांचा वाटा मोठा असल्याने दांडे किनाऱ्याला चिकटून, लाटांनी मागे रेटल्यासारखे दिसतात.

उधाणाची ओहोटी मग पाहायची कशी, याचे उत्तर याच सेवेत आहे आणि मला तिचे सर्वाधिक कौतुक इथे वाटते. एप्रिल २०१४ मध्ये पहिला उपग्रह सोडलेली सेंटिनेल-१ ही रडारमाला पहाटे आणि संध्याकाळी जाते. स्थानिक सौर वेळेनुसार सहा, म्हणजे कोकणात भारतीय घड्याळाप्रमाणे साडेसहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेची पूर्ण ओहोटी याच वेळेच्या आसपास येते. रडारला सूर्यप्रकाश लागत नाही आणि ढग आडवे येत नाहीत, म्हणून जून ते सप्टेंबर या काळातली, सेंटिनेल-२ ला जवळजवळ पूर्ण झाकलेली खाडीमुखे इथे पाहता येतात. मालेतला दुसरा उपग्रह डिसेंबर २०२१ मध्ये निकामी झाला आणि तिसरा डिसेंबर २०२४ मध्ये गेला, त्यामुळे मधल्या तीन वर्षांत चित्रे विरळ आहेत. चित्र काळे-पांढरे असते आणि ते वाचायला शिकावे लागते. वाऱ्याने खडबडीत झालेले पाणी उजळ दिसते, संथ पाणी काळे दिसते आणि ओली सपाट वाळूही काळीच दिसते. तेव्हा वारा पडलेल्या पहाटेचे चित्र घेतले तर दांडा आणि पाणी एकमेकांत मिसळून जातात. थोडा वारा असलेल्या दिवसाचे चित्र निवडावे, पाण्याची खडबडीत उजळ पार्श्वभूमी मिळाली की दांड्याचा गुळगुळीत काळा आकार तिच्यात स्पष्ट उठून दिसतो. हे पहिल्या बैठकीत जमत नाही, पण थोड्या सरावाने जमते, आणि एकदा जमले की दिवसाच्या चित्रात न दिसणारी वाळू डोळ्यांसमोर येते.

जुन्या काळाकडे जायचे असेल तर अमेरिकेच्या लँडसॅट मालेची चित्रे पाहावी लागतात. तिचा पहिला उपग्रह १९७२ मध्ये गेला आणि २००८ पासून संग्रह सर्वांना मोफत आहे. चौकट तीस मीटरची, जुन्या चित्रांत त्याहूनही मोठी, असल्याने कर्लीसारख्या लहान मुखात फारसे हाती लागत नाही. मात्र मोठ्या घटनांसाठी ती उत्तम आहेत. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर चॅटम या गावासमोरची वाळूची लांब पट्टी २ जानेवारी १९८७ च्या वादळात फुटली आणि नवे तोंड तयार झाले. पुढच्या वर्षांत त्या तोंडाच्या आत आणि बाहेर वाळूचे पंखे कसे वाढत गेले हे या संग्रहात क्रमाने पाहता येते. ओडिशात चिल्का सरोवराला सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख खोदून दिले, त्यानंतर तिथली पट्टी आणि मुखे कशी बदलली हेही असेच पाहण्यासारखे आहे. १९३१ मध्ये अमेरिकी अभियंते मॉरो ओब्रायन यांनी दाखवून दिले होते, की खाडीमुखाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ एका भरतीत आत शिरणाऱ्या एकूण पाण्यावर ठरते. पाणी पुरेसे असेल तर तोंड उघडे राहते, कमी झाले तर लाटांनी आणलेली वाळू ते अरुंद करत जाते. चिल्काच्या जुन्या, लांब आणि गाळाने भरत चाललेल्या वाटेकडे पाहिले की हा संबंध कागदावरच्या सूत्रापेक्षा नीट समजतो. लँडसॅटही सकाळीच येतो, हे मात्र इथेही लक्षात ठेवावे.

गुगल अर्थशी तुलना होणारच, म्हणून तिच्याविषयी दोन वाक्ये. तिथली जुन्या दिनांकांची चित्रे कितीतरी अधिक बारीक असतात, दांड्याच्या अंगावरच्या मोठ्या वाळूलाटाही त्यांत दिसतात आणि त्या लाटांची उतरती बाजू कोणीकडे आहे हे पाहून भरतीचा जोर कुठे आणि ओहोटीचा कुठे हे ओळखता येते; दिनांक मात्र विरळ आणि अनियमित असतात. तिथल्या १९८४ पासूनच्या वार्षिक चलचित्रमालिकेचा मी या विषयासाठी उपयोग करू नये असे म्हणेन, कारण वर्षभरातली अनेक चित्रे मिसळून एक चित्र केलेले असल्याने त्यातली वाळूची कड कोणत्याच एका भरतीची नसते.

कोपर्निकस ब्राउझरमध्ये मला जी उणीव सर्वांत जास्त जाणवते ती म्हणजे चित्राच्या दिनांकाशेजारी भरतीच्या स्थितीची नोंद नसणे. ढगांचे प्रमाण निवडता येते, मग किनारी भागासाठी पाण्याची पातळीही निवडता यावी ही अपेक्षा अवाजवी नाही. दुसरी मर्यादा खोलीची आहे. पाण्याखालच्या वाटा किती खोल आहेत हे गढूळ पाण्यात या चित्रांवरून कळत नाही, आणि खाडीमुखातून होडी बाहेर काढणाऱ्या माणसाला नेमके तेच हवे असते. रत्नागिरीजवळ भाट्ये खाडीच्या मुखाशी किंवा दापोलीकडे आंजर्ल्याच्या मुखाशी साचणारी वाळू मच्छीमारांच्या रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे. या सेवेवर दांडा कोणत्या बाजूला सरकला हे दिसेल, पण त्याच्यावर आज किती पाणी आहे हे दिसणार नाही. त्या कामासाठी सर्वेक्षणाची होडीच लागते, आणि कोणी या चित्रांच्या आधारे नौकानयनाचा सल्ला देत असेल तर तो मानू नये.

सोलापूर जिल्ह्यातल्या भूगोलाच्या शिक्षकांना माझी शिफारस आहे, की त्यांनी वर्गात प्रत्यक्ष जोडणीवर अवलंबून न राहता निवडक चित्रे आधी उतरवून घ्यावीत: बहामातले एक, कर्लीचे सप्तमीचे एक, कर्लीचेच पौर्णिमेचे एक, त्याच मुखाचे रडारचे एक आणि पंढरपूरच्या भीमेचे एक. प्रत्येकावर दिनांक, भारतीय वेळ आणि तिथी लिहावी. सप्तमी आणि पौर्णिमेची चित्रे आधी तिथी झाकून दाखवावीत, मुलांना बदलाचे कारण सुचवू द्यावे आणि मग तिथी उघडावी. उपग्रहशास्त्र, चंद्राच्या कला आणि वाळूचे भूरूप असे तीन पाठ तिथे एकाच प्रश्नात येतात. उतरवलेली चित्रे क्यूजीआयएस या मोफत नकाशा-प्रणालीत उघडून वाळूच्या कडा रेखाटण्याचे काम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येते.

सुट्टीत सोलापुरातून कोल्हापूरमार्गे मालवणला जाणाऱ्यांनी प्रवासाचा दिनांकही असाच निवडावा. चतुर्दशी-पौर्णिमेच्या संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास देवबागच्या टोकाशी पोचले, तर दिवसाच्या उपग्रहचित्रात कधीच न येणारी उधाणाची ओहोटी तिथे प्रत्यक्ष पाहायला मिळते. दांड्याच्या माथ्यावरच्या आणि वाटेच्या काठावरच्या वाळूलाटांच्या उतरत्या बाजू कोणीकडे आहेत ते पाहावे, कारण एवढे बारीक काम अवकाशातल्या दहा मीटरच्या चौकटीत उमटत नाही. स्थानिक होडीवाल्याला विचारल्याशिवाय दांड्यावर पाऊल ठेवू नये आणि पाणी चढू लागण्याच्या आत परतावे. भरती कडेच्या उथळ वाटांनी आधी आत येते, त्यामुळे समोरची मधली धार अजून बाहेर वाहताना दिसत असली तरी मागची परतीची वाट तोवर पाण्याखाली गेलेली असू शकते.